अर्धा चष्मा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. लेन्सच्या कंपनीने भेट दिलेली ही जाडजूड वही कपाटात नुसती पडून होती. आता माझ्याकडे लिहिण्यासारखं काही आहे. कालच्या सभेत मला आमच्या गल्लीचा हवा-प्रतिनिधी नेमलं, तेही एकमताने. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

विषय गंभीर आहे. आमचं शहर आता एक शहर राहिलेलं नाही. आजूबाजूची गावं वाढत वाढत त्याला येऊन चिकटली, आणि प्रत्येकाची महापालिका वेगळी. पूर्वेची पालिका म्हणते धूर पश्चिमेच्या कारखान्यांचा, पश्चिमेची म्हणते पूर्वेच्या गाड्यांचा. थंडी पडली की तो सगळा धूर खाली बसतो आणि कोणाचा कुठला ते त्यालाही सांगता येत नाही. यंदा सगळ्यांनी मिळून हवा सहकार मंडळ काढलं आहे. मंडळाच्या इंजिनिअर बाई काल आल्या होत्या. हवा मोजायची पेटी घेऊन हिंडतात म्हणून लोक त्यांना मोजणीबाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "हवेला हद्द कळत नाही हो. वरच्यांचा धूर खाली येतो, खालच्यांचा वर जातो. एकत्र बसल्याशिवाय इलाज नाही." वाक्य मला फार आवडलं. टाळ्या मीच सुरू केल्या.

इलाज असा: जानेवारी संपेपर्यंत मोठ्या बाजारपेठेत चौघांपेक्षा कमी माणसं असलेली गाडी सोडायची नाही. प्रत्येक गल्लीने आपापले चौघं जुळवायचे. मग व्यापारी संघ मतदान करून ठरवणार, हे पुढे चालवायचं की मोडीत काढायचं.

हे लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काम मी अंगावर का घेतलं, असं ही विचारत होती. तिला काही बोललो नाही, इथे लिहितो. वरच्या मजल्यावरचा खोकला. सकाळी मी दाढीला बसलो की तो सुरू होतो. आधी दोन कोरडे, मग एक लांबलचक, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. गेल्या थंडीपेक्षा लांबला आहे. माणसाला धड दाढी करता येत नाही.

वरच्या मजल्यावर माझा थोरला भाऊ राहतो. आमचं बोलणं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नशीब माझी थट्टा करतं आहे.

आधी मागचं थोडं लिहिलं पाहिजे. वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. दारावर पत्र्याचा भलाथोरला चष्मा, माणूस आडवा झोपेल एवढा. वडील गेल्यावर मला दुकानात भिंतभर आरसे लावायचे होते. दादा म्हणाला, "लोक आपल्याकडे बघायला येतात की दिसायला?" मी म्हटलं, दोन्हीला. एवढ्यावरून जे सुरू झालं ते थेट वाटण्यांपर्यंत गेलं. दुकानाच्या मधोमध भिंत आली. सगळं वाटून झालं, पण पत्र्याचा चष्मा काही कोणी सोडेना. शेवटी पत्रेवाल्याला बोलावून तो नाकावर कापला. उजवा डोळा दादाच्या दारावर लागला, डावा माझ्या. प्रत्येकाला एकेक काडी. तेव्हापासून बाजारात त्याला 'उजवा डोळा' म्हणतात आणि मला 'डावा डोळा'. माझ्या तोंडावरसुद्धा म्हणतात.

रोज सकाळी आमच्या एकाच फाटकातून दोन गाड्या निघतात, प्रत्येकीत एकेक माणूस, आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंना जाऊन थांबतात. पेट्रोल जातं, पण माणसाला काही तत्त्व असतं की नाही?

तर आज गल्लीच्या गाड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या हिने आणि वहिनीने आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिल्या. या दोघींचं बोलणं कधी बंद पडलंच नाही. त्यांना तत्त्वाचं काही नसतं. चिठ्ठी उचललीही हिनेच. माझ्या गाडीत आले घड्याळ दुरुस्त करणारे, ज्यांना सगळे घड्याळजी म्हणतात ते, बाजाराजवळच्या दवाखान्यात काम करणाऱ्या शेजारच्या नर्सबाई, आणि दादा.

"बघू ती चिठ्ठी," मी म्हटलं.

तोवर हिने ती फाडून केरात टाकली होती. "गुप्त असतं ते," म्हणाली.

प्रतिनिधीनेच नाही म्हटलं तर गल्लीला काय तोंड दाखवायचं? हात टेकले.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. पुढे माझ्या शेजारी घड्याळजी. मागे उजवीकडे नर्सबाई, डावीकडे दादा, मांडीवर पिवळं फडकं घेऊन. सगळ्यांनी नमस्कार केले. दादाने खिडकीला केला.

पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "घड्याळजी, यांना सांगा, ब्रेक म्हणजे पायपुसणं नव्हे."

घड्याळजी फार सभ्य माणूस. माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा म्हणतायत, जरा जपून."

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "ज्याने आपली गाडी दोनदा फाटकावर घातली, त्याने शिकवू नये."

घड्याळजी मागे वळले. "त्यांना म्हणायचंय, तुमचा अनुभव मोठा आहे."

नर्सबाई हसत सुटल्या. त्यांना म्हटलं, यात हसण्यासारखं काही नाही, हे शहराच्या आरोग्याचं काम आहे. त्या आणखीच हसल्या.

दादाची एक सवय लहानपणापासूनची आहे. गाडीत बसला की डावीकडचा रस्ता बघतो आणि चौकात मोठ्याने सांगतो, "डावीकडे रिकामं." मला आरसे आहेत. आरशात मला सगळं दिसतं. आज चौकाचौकांत ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

बाजाराच्या तोंडाशी अडथळ्यावर शिपाई उभा होता. त्याने गाडीतली डोकी मोजली आणि सोडलं. लोकांना दुकानांपाशी उतरवून मला गाडी लांबच्या वाहनतळावर नेऊन लावावी लागली आणि तिथून चालत यावं लागलं. दादाचं दुकान माझ्या आधी उघडलं, हे मला मुळीच आवडलेलं नाही. इतकी वर्षं मी पहिला असायचो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

महत्त्वाची नोंद! हवा सुधारते आहे!

माझ्या दारावरचा पत्र्याचा डोळा दर थंडीत काजळीने काळा होतो. मी तो वर्षातून एकदा, दुकानाचा रंग काढताना पुसून घेतो. आज गाडी लावून येताना सहज वर पाहिलं तर डोळा लख्ख. निळी कड, पांढरी काच, सगळं वडिलांच्या वेळेसारखं. दादाचाही डोळा स्वच्छ होता, पण त्याचं काय, तो येताजाता पुसत बसतो. माझ्याला तर कोणी हात लावलेला नाही.

काउंटरवरच्या बाईंना बाहेर बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघा, गाड्या कमी झाल्याबरोबर काजळी बसायची थांबली."

बाई बराच वेळ चपलांच्या दुकानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल हो, हवाच असेल."

मंडळाला कळवलं पाहिजे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

व्यापारी संघाचे अध्यक्ष, गाद्यावाले, स्वतः डोळा बघायला आले होते. त्यांना या योजनेची फार काळजी आहे, कारण मोटारींचे सुटे भाग विकणारे सगळे तिच्या विरोधात गेलेत. डोळा बघून ते इतके खूश झाले की त्यांनी मला एक उशी भेट दिली. म्हणाले, "आकडे कोणाला कळतात? लोकांना असं काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "छान." आणि वरच्या जिन्याकडे बघून हसली. बायकांना शास्त्रीय गोष्टींत रस नसतो.

खोकला: दोन कोरडे, एक लांब. खुर्ची सरकली.

३ डिसेंबर, बुधवार

मोजणीबाई येऊन गेल्या. या बाईंशी माझं जमणार नाही.

त्यांनी पेटी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "सुधारणा आहे, पण थोडी. तुमच्या पत्र्यावर एवढी कशी काय?"

मी विनयाने म्हटलं, "तुमच्या पेटीला चष्मा लागला असेल. सवलतीत देतो."

त्या हसल्या नाहीत. शिडी मागवून त्यांनी माझ्या डोळ्याच्या मधोमध एक पांढरी चिकट पट्टी लावली आणि बजावून गेल्या की हिला कोणी हात लावायचा नाही. हे सगळं दादाच्या दारातून दादा बघत होता. मुद्दाम बघत होता.

९ डिसेंबर, मंगळवार

चिकट पट्टी काळी कुळकुळीत झाली आहे. तिच्या भोवतीचा डोळा मात्र लख्ख!

दिवसभर विचार केला. गिऱ्हाईकाला दूरचा चष्मा जवळचा म्हणून देता देता वाचलो. शेवटी उलगडा झाला. पट्टी चिकट आहे, म्हणून आजूबाजूची सगळी काजळी ती स्वतःकडे ओढून घेते आणि बाकीचा पत्रा स्वच्छ राहतो. म्हणजे मोजणीबाईंना स्वतःला कळलेलं नाही की त्यांनी काय शोधून काढलं आहे. अशा पट्ट्या शहरभर लावल्या तर?

गाडीत हे मांडलं. घड्याळजींनी खिशातलं घड्याळ काढून कानाला लावलं. नर्सबाईंना ठसका लागला. मागून दादा म्हणाला, "घड्याळजी, यांना सांगा, हा शोध लिहून ठेवा. वडिलांना फार अभिमान वाटला असता."

घड्याळजींना यात बदल काय करावा ते सुचेना, त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. दादा माझ्याबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलला. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वर खोकला नाही.

दाढी करताना कान देऊन बसलो. काहीच आवाज नाही. गाल कापून घेतला. हिला म्हटलं, वर जाऊन वहिनींकडून कात्री आण. ती म्हणाली, कात्री आपल्याकडे आहे. मग म्हटलं, दोरा आण. शेवटी ती सरळच म्हणाली, "भावजी काल संध्याकाळपासून दवाखान्यात आहेत. धाप लागली होती. दोन-तीन दिवस ठेवतील. तुम्हाला जायचंय का?"

"मी कशाला जाऊ?" मी म्हटलं. "मी आपलं दोऱ्याचं विचारत होतो."

गाडीत तिघंच झालो. कोपऱ्यावरचा औषधवाला लगेच धावत आला, "मी बसतो की!" मी त्याला बसू दिलं नाही. ती जागा चिठ्ठीने ठरलेली आहे. असं कोणीही उठून बसायला लागलं तर योजनेत राहिलं काय? मग आम्हाला अडथळ्यावरून परत पाठवलं, आणि बसने गेलो.  उतरताना नर्सबाई खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरे आहेत ते. मी वॉर्डातच आहे. रोज सांगत जाईन." मी विचारलं नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

दादा अजून दवाखान्यात. डोळा आज मळका दिसला. पट्टीची ओढून घेण्याची ताकद संपली असावी, नाहीतर वारा पूर्वेचा असेल. दुकानात लक्ष लागलं नाही. भिंतीपलीकडे काच घासायच्या यंत्राची घरघर नसली की दुकान कसलं ओकंबोकं वाटतं. त्या घरघरीबद्दल मी दोनदा तक्रार केली होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

दादा आला. गाडीत बसला, खिडकीला नमस्कार केला. वाळलाय.

मी गाडी अगदी हळू चालवली. मागून आवाज आला, "घड्याळजी, यांना सांगा, मी आजारी होतो, मेलो नव्हतो. प्रेतयात्रेसारखी चालवू नका."

घड्याळजी म्हणाले, "दादा तुमचे आभार मानतायत."

आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा लख्ख! वारा बदलला. (ही ओळ शुक्रवारी लिहिली.)

५ जानेवारी, सोमवार

गाद्यावाल्यांनी माझ्या डोळ्याचा फोटो काढून मोठा फलक छापायला टाकला आहे. वर लिहिणार: 'हवा सुधारली. साक्षीदार: डावा डोळा'. मतदानाच्या सभेत व्यासपीठामागे लावणार. मला भाषण करायचं आहे. आरशासमोर सराव सुरू केला. दुकानात भिंतभर आरसे असल्याचा असाही फायदा होतो.

खोकला: एक कोरडा, एक लांब. खुर्ची सरकली नाही. नवीन औषध दिलं आहे म्हणतात.

२० जानेवारी, मंगळवार

मोजणीबाई पुन्हा आल्या. पट्टी काढली, भिंग लावून पाहिली, मग पत्र्यावरून बोट फिरवलं आणि सरळ म्हणाल्या, "हा डोळा कोणीतरी रोज पुसतंय. फडक्याच्या गोल खुणा दिसतायत."

 मी संतापलो. हे कोणाचं काम असेल ते ओळखायला फार अक्कल नको. सुटे भागवाल्यांचं! आधी डोळा चमकवायचा, मला भर सभेत उभं करायचं, आणि मग 'पुसलेला आहे' म्हणून माझंच हसं करायचं. काय डोकं आहे एकेकाचं.

त्याला रंगेहाथ पकडणार आहे. शुक्रवारी गाडी लावायला नर्सबाईंना देतो आणि सगळ्यांच्या मागोमाग बाजारात शिरतो.

हिला बेत सांगितला. ही एकदम गंभीर झाली. म्हणाली, "राहू द्या ना. कशाला पकडायचं?" मी ठाम आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

कसं लिहू? सरळ लिहितो.

चपलांच्या दुकानाच्या खांबामागे उभा होतो. बाजार अजून उघडत होता. दादाने आपलं कुलूप काढलं, आतून शिडी आणली आणि माझ्या दारासमोर लावली. शिडीचा एक पाय आखूड आहे. त्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सरकवली. नाकावर रुमाल बांधला. मग चढायला लागला. एक पायरी चढायचा, थांबून श्वास घ्यायचा, मग दुसरी. खिशातून ते पिवळं फडकं काढलं. वडिलांनी आम्हाला भिंग पुसायला जसं शिकवलं होतं तसं, तोंडाची वाफ देऊन, मधून कडेला, गोल गोल. पट्टीच्या जागी राहिलेला डाग नखाने खरवडला. पुसून झाल्यावर मागे सरून पाहिलं, आणि पुन्हा एकदा कड पुसली. माझा डोळा. स्वतःच्याला अजून हातही लावला नव्हता.

पकडल्यावर ओरडायचं असं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं. पण रडू आलं. तिथेच, भर बाजारात, चपलांसमोर. चपलांचा मालक म्हणाला, "आज कळलं वाटतं?" म्हणजे यालाही माहीत होतं.

तेवढ्यात दादाला खोकल्याची उबळ आली आणि शिडी हलली. मी कसा धावलो ते आठवत नाही. दोन्ही हातांनी शिडी धरली.

दादाने खाली पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. मग विचारलं, "घड्याळजी कुठेत?"

"नाहीत," मी म्हटलं.

त्याने फडकं खिशात घातलं. मग म्हणाला, "मग शिडीला सांग, हलू नको म्हणून."

"सांगितलं," मी म्हटलं.

तो खाली उतरला. शिडी मी उचलून त्याच्या दारावर लावली. उजवा डोळा पुसून होईपर्यंत धरून उभा राहिलो. मग तो आत गेला आणि मी माझ्या बाजूला गेलो. भिंतीपलीकडे यंत्राची घरघर सुरू झाली. दिवसभर एकाही गिऱ्हाईकाला आरसा धड दाखवला नाही.

घरी हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्यांना थांबवलं असतं."

"का थांबवलं असतं?"

"तत्त्व म्हणून," ही म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

२६ जानेवारी, सोमवार

उद्या सभा. मोजणीबाई अजून कोणाला काही बोललेल्या नाहीत, म्हणाल्या, "डोळा तुमचा आहे, तुम्ही सांगा." फलक छापून आला आहे. मी गप्प बसलो तर गाद्यावाले बाजी मारतील आणि योजना चालू राहील. खरं सांगितलं तर सुटे भागवाले नाचतील, योजना बुडेल, आणि फेब्रुवारीपासून पुन्हा एका फाटकातून दोन गाड्या. पुन्हा तोच धूर, आणि त्याची ती छाती.

गप्प बसावं असं फार वाटतं. पण बसलो तर काय होईल? दादा शेवटच्या रांगेत बसून ऐकणार की त्याच्या हातांनी केलेलं काम हवेने केलं. इतके दिवस त्याने ते ऐकून घेतलं. पट्टीच्या शोधासकट.

२७ जानेवारी, मंगळवार

सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठामागे माझा डोळा, भिंतीएवढा. गाद्यावाल्यांनी माझी ओळख करून दिली. पाठ केलेलं भाषण खिशात होतं, ते खिशातच राहू दिलं.

म्हटलं, "हा डोळा हवेने स्वच्छ झालेला नाही. तो माझा भाऊ पुसतो."

'माझा भाऊ' हे शब्द तोंडातून निघाले आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. सभेत असा हशा उठला की गाद्यावाल्यांनी तोंड रुमालात लपवलं. सुट्या भागांचे व्यापारी बाकावर चढले. "म्हणजे हवा सुधारलेलीच नाही! बंद करा हे!"

मोजणीबाई उठून म्हणाल्या, "सुधारली आहे. थोडी."

"थोडी म्हणजे काय?" ते ओरडले. "दाखवा की!"

बाई आकडे सांगायला लागल्या, कोणी ऐकेना. मी अजून उभाच होतो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण तोंड सुरू झालं.

"मी सांगतो थोडी म्हणजे काय," मी म्हटलं. "माझा भाऊ माझ्या डोक्यावर राहतो. नोव्हेंबरात तो सकाळी दोनदा कोरडा खोकायचा, मग एकदा लांब, इतका की त्याला उठून खुर्ची धरावी लागायची. मला खाली ऐकू यायचं. मी रोज ऐकतो. आता एकदाच कोरडा येतो. लांबचा कधी येतो, कधी नाही. खुर्ची नव्या वर्षात एकदाही सरकलेली नाही. पत्र्याचा डोळा काय, कोणीही पुसेल. खोकला फडक्याने पुसता येत नाही. मला दोन्ही कोरडे बंद झालेले हवेत. मी पुढच्या वर्षीही चौघांच्या गाडीने येणार, तुमचं मतदान काहीही होवो."

सगळी सभा वळून शेवटच्या रांगेकडे बघायला लागली. दादा खिडकीबाहेर बघत होता. आणि नेमका तेव्हाच त्याला खोकला आला. एक कोरडा.

सगळे श्वास रोखून वाट बघत राहिले, सुटे भागवालेसुद्धा. दुसरा आला नाही.

कोणीतरी टाळी वाजवली. या वेळी मी नव्हतो.

मग अर्थातच निर्णय पुढच्या सभेवर ढकलला. तोवर सक्ती नाही, ज्याने त्याने मनाप्रमाणे यावं. बाहेर पडताना नर्सबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "नव्या औषधाचाही थोडा हात आहे हं त्यात."

"असू द्या," मी म्हटलं. "सहकार म्हणतात तो हाच."

२ फेब्रुवारी, सोमवार

अडथळा उठला. आज कोणावर कसलं बंधन नव्हतं. घड्याळजींनी निरोप धाडला की त्यांचा गुडघा दुखतो. नर्सबाईंची म्हणे पाळी बदलली. ही आणि वहिनी दोघी जिन्यात उभ्या राहून पायऱ्या झाडत होत्या. एकच पायरी, कितीतरी वेळ.

मी गाडी बाहेर काढली. दादाची गाडी फाटकाशी होती, तिच्यावरचं कापड निघालेलं नव्हतं. मी इंजिन बंद करून बसलो. (चालू ठेवून वाट बघणं आता बरं दिसत नाही.) म्हटलं, थोडं थांबावं. काच पुसली. आरसा सारखा केला. आणखी थोडं थांबलो.

दादा जिना उतरून आला. मागचं दार उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. मग पुढे येऊन घड्याळजींच्या जागी बसला. मांडीवर फडकं. या वेळी दोन होती. एक त्याने माझ्या मांडीवर टाकलं.

 निरोप पोचवायला मध्ये कोणी नव्हतं. गल्लीच्या टोकाला चौकात गाडी थांबवली. उजवीकडे पाहिलं. डावीकडचं मला आरशात सगळं दिसतं, पण मी आरशात पाहिलं नाही. नुसता थांबून राहिलो. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तरी थांबलो.

लहानपणी दादा मला ज्या नावाने हाक मारायचा, ते नाव चष्मा कापला त्या दिवसापासून मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आता तर माझा घेर बघता ते कोणालाही शोभणार नाही.

"बघतोस काय, बारक्या," तो म्हणाला. "डावीकडे रिकामं आहे. चल."